तिसरा रकाना

आपल्या शाळेच्या वसतिगृहात ज्यांनी दिवस काढले, त्यांना कोठी ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या मागे, एकच उंच खिडकी असलेली ती खोली. धान्याची पोती, तेलाचे डबे आणि चिंचेची मडकी यांचा मिसळलेला तिचा वास. कोठीची किल्ली विद्यार्थ्यांपैकी एकाकडे सोपवण्याची पद्धत होती. आमच्या वेळी ती सलग तीन वर्षे एकाच मुलाकडे राहिली. हा मुलगा माझ्या मागे दोन इयत्ता होता. अंगाने किरकोळ, बोलायला कमी. परंतु सकाळी जेवायला किती मुले आहेत एवढे कळले, की डाळ, तांदूळ, तेल, तिखट यांचे माप तो कागद न घेता सांगत असे, आणि महिनाअखेरीस त्याचा हिशेब अधीक्षकांच्या वहीशी जुळत असे.

पुढे तेरा वर्षांनी हा मुलगा मला भेटला तो एका फाइलमध्ये. समाजकार्याचे शिक्षण पूर्ण करून मी मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम करू लागलो होतो. एका रुग्णालयाकडून आमच्याकडे आलेल्या कागदपत्रांत एक नाव ओळखीचे दिसले. निदान स्किझोफ्रेनियाचे होते. त्याखाली नोंदी होत्या: कानात आवाज येतात, संशयी वृत्ती, बोलणे तुटक, अंघोळीची टाळाटाळ, रात्री झोप नाही, लोकांत मिसळत नाही, अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट, औषधे नियमित घेत नाही, आजाराची जाणीव नाही. अशा नऊ नोंदी मी मोजल्या. त्यांतील एकही खोटी नव्हती. मात्र त्या नऊ नोंदींमधून जो माणूस उभा राहत होता, त्याला मी ओळखत नव्हतो, आणि ज्याला ओळखत होतो त्याचा त्या कागदांवर कोठेही मागमूस नव्हता.

हा लेख मी त्याच्या संमतीने लिहीत आहे. गाव, घरची माणसे, वर्षे यांचे तपशील मी बदलले आहेत. कोठीची गोष्ट मात्र बदलू नये, असे त्याचेच म्हणणे पडले. जुन्या सोबत्यांपैकी कोणी ओळखले, तर ओळखू द्या, असे तो म्हणाला.

वैद्यकशास्त्राची भाषा उणिवांची असते आणि ती तशी असणे आवश्यकही आहे. काय बिघडले आहे हे नेमके कळल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. न्यूमोनिया झालेल्या माणसाला त्याच्या आवडीनिवडी कोणी विचारत बसत नाही. तथापि न्यूमोनिया काही आठवड्यांत उतरतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार, दीर्घकाळ टिकणारे नैराश्य यांच्यासोबत माणसाला वर्षानुवर्षे जगावे लागते, आणि इतका काळ उणिवांची यादी वाचली गेली की तीच त्या माणसाचे नाव होऊन बसते. प्रथम डॉक्टर ती बोलतात, मग घरचे बोलतात, शेजारी बोलतात, आणि अखेरीस तो स्वतःही दुसरे काही बोलत नाही.

या अनुभवातूनच अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९८० च्या दशकात एक कार्यपद्धती आकाराला आली. मोठी मनोरुग्णालये रिकामी होत होती; तेथे अर्धे आयुष्य काढलेली माणसे गावांत, शहरांत राहायला येत होती. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना चार्ल्स रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कामाचा आरंभबिंदूच बदलण्यास सांगितले. या माणसात काय कमी आहे, याऐवजी त्याच्याजवळ आणि त्याच्याभोवती काय आहे, येथून सुरुवात करावी, असा तो विचार होता. या पद्धतीला ‘स्ट्रेंग्थ्स मॉडेल’ म्हणतात. आपण तिला सामर्थ्याधिष्ठित पद्धती म्हणू. मानसिक आजार असलेली व्यक्ती सावरू शकते; कोणत्या दिशेने जायचे हे तिनेच ठरवायचे; तिच्याशी जुळलेले नाते हाच मदतीचा पाया; आणि काम करण्याची खरी जागा म्हणजे रुग्णालय नसून तिचा परिसर होय, ही या पद्धतीची काही मुख्य सूत्रे आहेत. परिसराकडे पाहण्याची तिची दृष्टीही वेगळी आहे. वस्ती म्हणजे निव्वळ अडथळ्यांचे आगर नसून तेथे मदतीचे झरेही असतात, असे ती मानते.

सूत्रे ऐकायला गोड वाटतात आणि भाषणात खपतात. मला या पद्धतीची खरी ओळख पटवली ती तिच्या एका साध्या तक्त्याने. त्या तक्त्यात जगण्याची सात क्षेत्रे असतात: घर व रोजचे व्यवहार, पैसा, काम व शिक्षण, नातीगोती, आरोग्य, विरंगुळा, आणि श्रद्धा वा जीवनमूल्ये. प्रत्येक क्षेत्रापुढे तीन रकाने. पहिल्यात आज काय आहे ते लिहायचे. दुसऱ्यात या व्यक्तीला काय हवे आहे ते, तेही तिच्याच शब्दांत, आपल्या मते तिला काय हवे असायला पाहिजे ते नाही. तिसऱ्या रकान्यात पूर्वी काय होते ते लिहायचे: तिने कोणती कामे केली, कोणावर विसंबून राहिली, कोणत्या संकटातून कशी बाहेर पडली.

पहिल्या दोन रकान्यांपेक्षा तिसरा भरायला अवघड असतो, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत समृद्ध निघतो. त्याचे कारण या आजारांच्या वयात आहे. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार प्रायः किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत डोके वर काढतात. म्हणजे आजारापूर्वीची पंधरा, वीस, पंचवीस वर्षे त्या माणसाच्या गाठीशी असतात. त्या वर्षांत तो पोहायला शिकलेला असतो, धाकट्या भावंडांना त्याने सांभाळलेले असते, मेळाव्यात गायलेला असतो, परगावी एकटा राहिलेला असतो. आजार या गोष्टी पुसून टाकत नाही; त्यांच्यावर जाड थर चढवतो.

मग अडचण काय? ज्याने हा रकाना भरायचा, तोच पुष्कळदा म्हणतो की तो माणूस आता उरला नाही. घरच्यांना विचारावे, तर त्यांना गुण आठवतात ते फक्त गुणपत्रिकेतले. “दहावीला पंच्याऐंशी टक्के होते हो त्याला,” असे वडील सांगतात तेव्हा त्या वाक्यात गमावलेल्या स्वप्नाचाच हिशेब अधिक असतो, आणि समोर बसलेला मुलगा मान आणखी खाली घालतो. आपल्यातील कितीतरी घरांत शिकलेली ही पहिलीच पिढी. एका मुलाच्या शिक्षणावर सगळ्या घराने, कधीकधी सगळ्या भावकीने, आपली आशा टांगलेली असते. तो आजारी पडतो तेव्हा त्या आशेचे ओझेही आजाराच्या खात्यावर चढते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘हुशार’, ‘मेहनती’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे तिसऱ्या रकान्यात लिहून काहीच हाती लागत नाही. ती बायोडेटातही असतात आणि श्रद्धांजलीतही. सामर्थ्य असे लिहावे लागते, की वाचणाऱ्याला त्यातून उद्या सकाळी काय करता येईल ते सुचावे. ‘कष्टाळू होती’ असे लिहिण्यापेक्षा ‘लग्नापूर्वी चार वर्षे पहाटे उठून आईबरोबर भाजीचा गाडा लावत असे, तोंडी हिशेब करत असे, नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावे तिला पाठ होती’ असे लिहिले, तर पुढची वाट दिसू लागते. हे एका बाईंच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले. तीव्र नैराश्याने वर्षभर खाटेला खिळलेल्या त्या बाईंना घराबाहेर काढण्याचे आमचे सगळे उपाय थकले होते. शेवटी त्या स्वतःहून बाहेर पडल्या त्या शेजारणीला मंडईत कोणी फसवू नये म्हणून.

आता आपल्या सोबत्याकडे परत येतो. पहिल्या दोन भेटींत तो काहीच बोलला नाही. मला त्याने ओळखले की नाही, हेही कळेना. त्याची माय भिंतीला टेकून बसलेली असे आणि त्याच्या वतीने उत्तरे देत असे. तिसऱ्या भेटीत मी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारले, “कोठीत एका वेळेला तूरडाळ किती लागायची रे?”

बराच वेळ गेला. मग भिंतीकडेच पाहत तो म्हणाला, “पोरं किती आहेत त्याच्यावर, दादा.”

मी म्हटले, “एकशे चाळीस.”

“मग साडेपाच किलो.”

त्याची माय चकित होऊन माझ्याकडे पाहू लागली. आपल्या मुलाकडे तीन वर्षे वसतिगृहाच्या कोठीची किल्ली होती, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आपण काय विचारतो? पेपर कसे गेले, नंबर कितवा आला. त्या माउलीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मी त्याच वसतिगृहात होतो, म्हणून मला ठाऊक होते, इतकेच.

या एका उत्तराने चमत्कार घडला नाही. पुढच्या भेटीत तो पुन्हा गप्प होता. परंतु तिसऱ्या रकान्यात एक ओळ पडली होती, आणि तिच्या आधाराने दुसऱ्या रकान्याचा प्रश्न विचारता आला: तुला आता काय हवे आहे? नोकरी, शिक्षण, लग्न यांपैकी काही तो म्हणेल, अशी माझी अटकळ होती. तो म्हणाला, “माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नये कुणी.” पाहुणे आले की त्याच्या देखतच त्याच्या आजाराची चर्चा होई, कोणी अंगारा सुचवी, कोणी कुठल्या बाबाचे नाव सांगे. आमचे पहिले उद्दिष्ट तेच ठरले. ते गाठायला घरच्यांना चार महिने लागले.

दुसरी गोष्ट औषधांची. ती तो चुकवत असे आणि फाइलमध्ये त्याची नोंद ‘आजाराची जाणीव नाही’ या शेऱ्यासोबत होती. तिसरा रकाना भरताना लक्षात आले, की हा मुलगा पहाटेचा माणूस आहे. वसतिगृहात सर्वांच्या आधी उठून तो कोठी उघडत असे. गोळ्यांच्या गुंगीमुळे आता त्याची सकाळ दहा वाजता उजाडत होती, आणि म्हणून तो त्या टाळत होता. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून गोळ्यांची वेळ व मात्रा बदलली गेली. त्यानंतर तो त्या बऱ्याच नियमितपणे घेऊ लागला. सामर्थ्यांचा विचार औषधांच्या विरोधात जातो, असा काहींचा समज असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. आमच्या बाबतीत औषध घेणे शक्य झाले ते त्या विचारामुळेच.

त्या वर्षीच्या भीमजयंतीला गावात सहाशे माणसांचे भोजनदान होते. उत्सव समितीत आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. त्याला मी गाठले. सामानाची यादी आपल्या मित्राने करून द्यावी, एवढीच विनंती. गर्दीत यायचे नाही, स्टेजवर सत्कार वगैरे करायचा नाही. त्याने घरी बसून दोन दिवसांत यादी केली: तांदूळ, डाळ, तेल, गूळ, मीठ, लाकूडफाटा आणि पत्रावळीसुद्धा. जेवणावळ उठली तेव्हा भाताचे एक पातेले उरले. दरवर्षी तीन-चार उरत. ही गोष्ट गावात ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने त्याच्या आजाराची बातमीदेखील पसरली नव्हती. पुढच्या वर्षी तो स्वतः सामानाच्या खोलीच्या दाराशी उभा होता. नंतर लग्नांची कामे घेणारा एक आचारी त्याच्याकडून याद्या करून घेऊ लागला; यादीमागे पन्नास रुपये. हिशेब करताना कानातले आवाज मागे सरतात, हे त्याने मला याच काळात सांगितले. आवाजांविषयी तो आपणहून बोलला ती ती पहिली वेळ.

येथे गोष्ट संपवली असती तर ती सुंदर दिसली असती. परंतु त्यानंतर तो दोनदा पुन्हा आजारी पडला. एकदा बहिणीच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार म्हणून घरच्यांनी त्याच्या गोळ्या लपवून ठेवल्या आणि त्या सापडेपर्यंत बारा दिवस गेले. त्या वेळी त्याला सहा आठवडे रुग्णालयात काढावे लागले. अभियांत्रिकीची पदवी अर्धी राहिली ती राहिलीच. आवाज पूर्ण थांबलेले नाहीत. पण रुग्णालयातून परतल्यावर आम्हांला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. तक्ता होता, त्यात आता पाच-सहा वर्षांची भर पडली होती, आणि आचारी दोन लग्नांच्या याद्या घेऊन थांबला होता.

अशा माणसाने सावरणे ही अपवादाची गोष्ट आहे काय? फार काळ वैद्यकशास्त्राचाही तसाच समज होता. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे जे वर्णन केले, त्यात रुग्ण उत्तरोत्तर ढासळत जातो, हेच त्याचे मुख्य लक्षण मानले होते. या समजाला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील एका अभ्यासाने. तेथील सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या २६९ रुग्णांना १९५० च्या दशकात पुनर्वसनाचा एक कार्यक्रम देऊन बाहेर आणण्यात आले होते. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांचा सरासरी ३२ वर्षांनंतर माग काढला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, त्यांतील निम्म्याहून अधिक व्यक्ती लक्षणीयरीत्या सुधारल्या होत्या किंवा पूर्ण सावरल्या होत्या. हे सर्वांत आशादायक रुग्ण नव्हते. ज्यांची आशा सोडलेली होती, असे ते होते. पुढे मेन राज्यातील तशाच रुग्णांशी त्यांची तुलना झाली. तेथे असा पुनर्वसनाचा कार्यक्रम नव्हता. कामधंदा आणि समाजातील वावर या दोन्ही बाबतींत व्हरमाँटची माणसे पुढे होती. आजार तोच, फरक होता तो रुग्णालयाबाहेर त्यांना काय मिळाले याचा.

पॅट्रिशिया डीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचे उदाहरण मला वारंवार सांगावेसे वाटते. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. पुढे त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९८८ साली सावरण्याच्या अनुभवावर लिहिलेला त्यांचा लेख या क्षेत्रात आजही वाचला जातो. आजाराच्या सुरुवातीचे महिने त्यांनी एका खुर्चीत सिगारेटी ओढत काढले. त्यांची आजी रोज येऊन विचारी, किराणा आणायला येतेस का? त्या रोज नाही म्हणत. आजी रागवत नसे, समजावत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. एके दिवशी त्या हो म्हणाल्या, मात्र फक्त सामानाची गाडी ढकलीन, या अटीवर. आपल्या घरांतल्या आज्या याहून वेगळे काय करतात? पण त्यांच्या या विचारण्याला आपण उपचार म्हणत नाही.

पटाचारेची कथा आपण सर्वांनी वसतिगृहातच ऐकली. सर्पदंशाने पती गेला, एक मूल नदीत वाहून गेले, दुसरे ससाण्याने नेले, घर कोसळून आईवडील व भाऊ दगावले. शोकाने भान हरपलेली ती स्त्री वस्त्राची शुद्ध न राहता श्रावस्तीत भटकत होती आणि लोक तिला हुसकावीत होते. भगवान बुद्धांनी तिला अडवू दिले नाही आणि भान परत आण, एवढेच सांगितले. तेव्हा कोणीतरी तिच्या अंगावर आपले वस्त्र टाकले. लहानपणी या कथेतले दुःखच तेवढे आमच्या मनावर ठसले. आज मला तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. पटाचारा नुसती शांत झाली नाही. विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत ती अग्रणी ठरली, आणि मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे येत राहिल्या, कारण त्यांचे दुःख तिला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. ज्या वाटेने तिचा विनाश झाला, ती वाट ओळखणे हीच तिची विद्या झाली. अर्थात कथेचा क्रम विसरू नये: आधी तिला कोणी हाकलले नाही आणि तिला वस्त्र मिळाले; बाकीचे सारे त्यानंतर.

हा क्रम विसरला की सामर्थ्याच्या गोष्टी क्रूर होतात. ‘तुझ्यात ताकद आहे, मनावर घे, सगळे ठीक होईल’ असे आजारी माणसाला सांगणे म्हणजे सामर्थ्याधिष्ठित पद्धती नव्हे. त्यात न सावरल्याचा दोष त्याच्याच माथी मारला जातो. ज्याच्या घरात रेशन नाही, ज्याला महिन्याच्या गोळ्यांसाठी तालुक्याला जायला भाडे नाही, त्याला अंतःशक्तीवर व्याख्यान देणे ही थट्टा आहे. महाविद्यालयात किंवा नोकरीत जातीवरून अपमान सोसून जो खचला, त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करून अपमान करणारा मोकळा सुटता कामा नये. आणि उत्साहाचाही एक धोका असतो, तो मी आमच्या मित्राच्या घरीच पाहिला. भोजनदानाची यादी जमली, हे पाहून त्याच्या काकांनी त्याला लगेच किराणा दुकान टाकून देण्याचा बेत केला. तो दोन महिने पुन्हा अंथरुणात गेला. त्याच्या सामर्थ्याचा वेग त्यानेच ठरवायचा होता.

आपल्या देशाचे चित्र मोठे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणानुसार (महाराष्ट्र त्यांत नव्हता) १०.६ टक्के प्रौढ त्या काळात कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त होते, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. गावपातळीवर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्याच विदर्भातले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला, त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलणे सुरू केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

कायदाही आता बराच पुढे आला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. त्यानुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सरकारी आरोग्यसेवेतून उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क आहे. जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून तिच्या उपचारांत भेदभाव करता येत नाही. आणि पुन्हा आजारी पडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, तसेच आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे ती आधीच लेखी देऊन ठेवू शकते. आमच्या मित्राने तसे लिहून ठेवले आहे. त्यात एक ओळ अशीही आहे, की रुग्णालयात असताना त्याला वही आणि पेन्सिल द्यावी. पालकांनी टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा; तो निःशुल्क आहे आणि दिवसरात्र चालतो.

माजी विद्यार्थ्यांपुढे मात्र मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आपल्या प्रत्येक तुकडीत एक-दोन जण असे आहेत, की जे मेळाव्याला येत नाहीत, ज्यांचा फोन लागत नाही, ज्यांच्याविषयी ‘त्याचं जरा डोक्याचं झालंय’ असे हळू आवाजात सांगितले जाते आणि विषय बदलला जातो. त्यांच्या घरच्यांना जे ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. रात्री दिवे गेले की कोण गोष्टी सांगायचा, आजारी मुलाचे डबे कोण घासायचा, विहिरीवरचा पंप कोणाच्या हाताने चालू व्हायचा, नव्याने आलेले रडके पोर कोणाच्या शेजारी झोपवायचे, हे सारे आपण पाहिले आहे. त्यांचा तिसरा रकाना आपल्याकडे आहे. एखाद्या रविवारी दोघांनी जाऊन यावे. उपदेश करू नये, नोकरीची चौकशी करू नये. आठवते ते सांगावे, आणि घरच्यांच्या कानांवर पडेल असे सांगावे. तो बोलला नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.

हा मजकूर छपाईला देण्यापूर्वी मी मित्राला वाचायला दिला होता. आठवडाभराने तो परत आला. दोन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. एके ठिकाणी मी ‘तो आता बरा झाला आहे’ असे लिहिले होते. त्यातील ‘झाला’ हा शब्द त्याने खोडला होता. मग मी ते वाक्यच काढून टाकले. दुसरी खूण तूरडाळीवर होती. माझ्या आठवणीप्रमाणे मी सात किलो लिहिले होते. ते खोडून त्याने साडेपाच केले आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले: ‘सात पौर्णिमेला. पाहुणे असायचे.’